धिंगरी अळिंबी : घरगुती लागवडीतील आर्द्रता व वायुवीजन

धिंगरी (प्लुरोटस प्रजाती) ही भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर, प्लास्टिकच्या पिशवीत वाढवता येणारी खाद्य अळिंबी. बियाणे भरल्यानंतर साधारण 15 ते 20 दिवस पांढरे कवकजाल काडभर पसरते. या काळात कोंदट हवा व कार्बन डाय-ऑक्साइड तिला सहज सोसतो; खोली अंधारी व बंद चालते. फळधारणा सुरू होताच मात्र गरज उलटते, आणि घरगुती प्रयोग बहुधा इथेच फसतात.

फळधारणेसाठी 80 ते 90 टक्के सापेक्ष आर्द्रता आणि खेळती, ताजी हवा लागते. हवा कोंडली की देठ लांबतो, छत्री बारीक राहते. उलट, पंख्याचा थेट झोत लागल्यास कोंब वाळतात, छत्रीच्या कडा तडकतात. म्हणून भिंतींवर ओले गोणपाट टांगावे, जमीन ओली ठेवावी आणि खिडकी दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ उघडावी. पाणी अगदी बारीक तुषारांनी द्यावे. छत्रीवर ते साचून राहिले तर जिवाणूंमुळे पिवळे-तपकिरी चिकट डाग पडतात. पाणी मारल्यावर हवा खेळवून पृष्ठभाग सुकू देणे म्हणूनच फार महत्त्वाचे.

कोकणात पावसाळ्यात ओलावा आपोआप मिळतो, प्रश्न वायुवीजनाचा असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात गोणपाट सतत भिजवूनही उष्णता आटोक्यात ठेवणे कठीण जाते. छत्रीच्या कडा वर वळण्याआधीच तोडणी करावी, कारण पक्व छत्रीतून उडणारे बीजाणू बंद खोलीत श्वसनाची ॲलर्जी उत्पन्न करू शकतात.