सर सालारजंग व वऱ्हाडचा प्रश्न

महागांवच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. इ. स. १८५३ पर्यंत तिचे दोन्ही तीर निजामाच्या अमलाखालीं होते. त्या वर्षाच्या मे महिन्यांतील तहानें उत्तर तीर कंपनीच्या कारभाराखालीं गेला व दक्षिण तीर हैदराबादकडे राहिला. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी हें त्या तहाचें कारण. तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल्-मुल्क वारले आणि त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सर सालारजंग, वयाच्या चोविसाव्या वर्षीं दिवाण झाले. गेलेला वऱ्हाड परत मिळविणें हा त्यांच्या तीस वर्षांच्या कारकीर्दीचा एक मुख्य हेतु होता.

१८५७ सालीं त्यांनीं हैदराबाद इंग्रजांच्या बाजूस स्थिर ठेविलें. त्याचें फळ १८६० च्या तहांत मिळालें: रायचूर दुआब व धाराशिव परत आले, पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड मात्र ठेव म्हणून इंग्रजांकडेच राहिला. १८६९ सालीं अफजलुद्दौला वारल्यावर बाल निजाम महबूब अली खान यांच्या वतीनें राज्यसूत्रें शम्स-उल्-उमरा व सालारजंग यांच्या हातीं आलीं. १८७६ त सालारजंग विलायतेस गेले. राणीची भेट झाली, ऑक्सफर्डनें सन्माननीय पदवी दिली. वऱ्हाड मिळाला नाहीं. १८८३ च्या फेब्रुवारींत पटकीनें त्यांचा अंत झाला.

एवढ्यावरून त्यांचें कार्य निष्फळ ठरत नाहीं. मक्तेदारांकडील वसुली मोडून त्यांनीं जिल्हाबंदी केली व पगारी अंमलदार नेमले. पण ही सुधारणा पैनगंगेच्या दक्षिण तीरावरच थांबली. उत्तर तीरावर इंग्रजी जमाबंदी चालू झाली. एकाच मुलखांत दोन दप्तरें निर्माण झालीं तीं येथूनच.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. कारभार गेला तरी वऱ्हाडचें स्वामित्व निजामाचेंच मानलें जाई. १९०२ सालीं सालीना पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा झाला तोही याच तत्त्वावर. १९३६ त निजामाच्या वारसास वऱ्हाडचे युवराज ही पदवी मिळाली ती त्याचीच खूण होय. म्हणून १८५३ नंतरच्या वऱ्हाडी कागदावर इंग्रजी शिक्का दिसतांच निजामाचा संबंध तुटला असें समजूं नये. ज्या देशमुख-देशपांड्यांचीं वतनें दोन्ही तीरांवर असतील, त्यांचे कागद एकत्र ठेवूनच वाचावे. एका तीराचें दप्तर दुसऱ्यावांचून अपुरें आहे.