सैतानाचे काम ते शाळेची सहल

वाऱ्यापासून वीज करण्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्रांचाच इतिहास सांगतो. मनोरे किती उंच गेले, पाती किती लांब झाली, हे आपण नोंदवतो. पण ही यंत्रे ज्यांच्या गावाशेजारी उभी राहिली, त्या लोकांचाही एक इतिहास आहे. स्कॉटलंडमध्ये तो फार स्पष्ट दिसतो.

ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी जुलै १८८७ मध्ये मेरीकर्क या गावी आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत सुमारे १० मीटर उंचीची पवनचक्की उभारली. तिला कापडाची शिडे होती. चक्कीमुळे डायनॅमो फिरे आणि तयार झालेली वीज संचायक घटांत साठवली जाई. वाऱ्याच्या विजेने उजळलेले हे जगातले पहिले घर मानले जाते.

घराची गरज भागून वीज उरू लागली, तेव्हा ब्लाइथ यांनी ती गावच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांसाठी देऊ केली. गावकऱ्यांनी ती नाकारली. ही वीज म्हणजे सैतानाचे काम, असे त्यांचे म्हणणे होते, असे सांगतात. आज आपल्याला हसू येईल. पण क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पाहू. तेल नाही, ज्योत नाही, धूर नाही, आणि तरीही उजेड! एडिसनच्या दिव्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. ज्याचे कारण कळत नाही त्याचे भय वाटते, हा अनुभव आपल्याला वर्गातही येतो.

ब्लाइथ यांनी पुढे मॉन्ट्रोझच्या मनोरुग्णालयासाठीही अशी चक्की बांधली. पण ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता, त्यामुळे ही कल्पना मागे पडली. डेन्मार्कमध्ये मात्र वेगळे घडले. तेथे आस्कोव्हच्या लोकशाळेतील शिक्षक पोल ला कूर यांनी १८९१ मध्ये असेच प्रयोग सुरू केले आणि पुढे खेड्यांतील तरुणांना विजेचे काम शिकवले. पवनचक्की तेथे शाळेच्या वाटेने गावात गेली.

ब्रिटनमधला पहिला व्यापारी पवनऊर्जा प्रकल्प १९९१ मध्ये कॉर्नवॉलमधील डेलाबोल येथे, एका शेतावर, १० चक्क्यांनिशी सुरू झाला. ब्लाइथ यांच्या ग्लासगोजवळ, शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, व्हाइटली हा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. प्रथम १४० चक्क्या होत्या. विस्तारानंतर त्या २१५ झाल्या आणि स्थापित क्षमता ५३९ मेगावॉट झाली. त्याच वर्षी तेथे लोकांसाठी माहिती केंद्रही उघडले. चक्क्यांमधून १३० किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाटा जातात. त्यांवरून लोक पायी आणि सायकलने फिरतात. शाळांच्या सहली येतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून पात्यांचा आवाज किती होतो, हे ज्याचे त्याला ऐकता येते. ऐकीव गोष्टींपेक्षा हे केव्हाही चांगले.

मात्र कंपनीने उभारलेले केंद्र कंपनीची बाजू मांडणारच, हेही ध्यानात ठेवायला हवे. म्हणून अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना नेताना काही प्रश्न बरोबर न्यावेत. ५३९ मेगावॉट ही क्षमता झाली. वारा पडला की काय? वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर त्यातून मिळू शकणारी शक्ती निम्मी होत नाही, एक-अष्टमांश होते. तेव्हा वर्षभरात प्रत्यक्ष वीज किती मिळते? दुसरा प्रश्न जमिनीचा. व्हाइटलीच्या माळावर पीट आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साठत गेलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. त्यात कार्बन साठलेला असतो. रस्ते आणि पाये खोदताना त्यातला किती मोकळा झाला, आणि तो भरून निघायला चक्क्यांना किती काळ फिरावे लागेल?

या प्रश्नांनी पवनचक्की वाईट ठरत नाही. तिचा हिशेब पुरा होतो. मेरीकर्कच्या गावकऱ्यांनी न समजता नाकारले, असे आपण म्हणतो. न समजता स्वीकारणे हीसुद्धा त्याच जातीची चूक आहे. पाहायला जाण्याची मुभा मिळाली, ही सव्वाशे वर्षांतली मोठी प्रगती होय. तिचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी व्हावा, एवढे मात्र आपल्या हाती आहे.