कुर्श खाडींतील कोळी व त्यांचे लांकडी वातदर्शक

वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या साधनास मराठींत वातकुक्कुट म्हणतात, आणि हें नांव कानीं पडतांच आम्हां ख्रिस्ती जनांस संत पेत्राचा कोंबडा आठवावा हें साहजिक आहे. युरोपांतील कित्येक ख्रिस्तमंदिरांच्या शिखरांवर धातूचा कोंबडा वाऱ्याबरोबर फिरत असतो. इटालींतील ब्रेशा नगरीचे बिशप रांपेर्तो यांनीं नवव्या शतकांत करविलेला असा एक कोंबडा तेथील संग्रहालयांत अद्यापि जपून ठेवलेला आहे. या जातीचा याहून जुना कोंबडा उरलेला ठाऊक नाहीं. परंतु ते काम बिशपांच्या द्रव्यानें झालेलें. प्रस्तुत लेखांत आम्हीं ज्यांची हकीकत सांगणार आहों ते वातदर्शक कोळ्यांनीं घरीं बसून चाकूनें कोरलेले, लांकडी होत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घराण्यांत जाळें व होडी यांवर संसार चालत आला आहे, त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

बाल्टिक समुद्राच्या आग्नेय किनाऱ्याशीं सुमारें ९८ किलोमीटर लांबीचा वाळूचा एक दांडा आहे. कांहीं ठिकाणीं तो अर्धा किलोमीटरही रुंद नाहीं. त्याच्या एका अंगास खुला समुद्र, दुसऱ्या अंगास कुर्श खाडी. ही खाडी सुमारें १६०० चौरस किलोमीटर पसरलेली, पण खोलीनें सरासरी चार मीटरही नाहीं. अशा उथळ पाण्यावर वारा चढला म्हणजे लाट आखूड व उभी उठते, हें होडींत बसणारास सांगावयास नको. म्हणून तेथील होड्या सपाट बुडाच्या असत. आज या दांड्याचा उत्तर भाग लिथुआनियाकडे व दक्षिण भाग रशियाकडे आहे. एकोणिसाव्या शतकांत सारा प्रदेश प्रशियाच्या राज्यांत होता. दांड्यावरील वाळूही मोठी उपद्रवी. ती वाऱ्यानें सरकत येऊन गांवेंच्या गांवें गाडून टाकी, आणि लोक घरें उचलून दुसरीकडे जात.

खाडी एक आणि तिच्या कांठचीं गांवें पुष्कळ. कोणी कोठें जाळें टाकावें, जाळ्याचा आस किती बारीक असावा, याविषयीं सरकारचे नियम होते. पण दूरच्या होडींत कोण बसला आहे हें किनाऱ्यावरील अधिकाऱ्यास कळावें कसें? म्हणून मासेमारीचे निरीक्षक एर्न्स्ट विल्हेल्म बेअरबोम यांच्या पुढाकारानें १८४४ सालीं असा हुकूम निघाला कीं, प्रत्येक होडीनें डोलकाठीच्या टोंकास आपल्या गांवाची खूण लावावी. दांड्यावरील गांवांस काळा व पांढरा रंग मिळाला, पूर्व किनाऱ्यास तांबडा व पांढरा, दक्षिण किनाऱ्यास निळा व पिवळा. पट्टे, चौकोन वगैरे आकृत्यांवरून एकेक गांव ओळखूं येई. आपल्याकडेही २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमार नौकांस राज्यवार ठराविक रंग लावण्याचा नियम झाला. पहारेकऱ्याच्या डोळ्यांस सर्वत्र एकच सोय हवी असते.

हुकूम गुन्हेगार पकडण्यासाठीं होता. त्यांत शोभेचा एक शब्दही नव्हता. खूण साधारण दोन फूट लांब व एक फूट रुंद असावी, एवढेंच मागणें. परंतु वर लावावयाचीच आहे तर ती वाऱ्याबरोबर फिरावी, म्हणजे निदान आपल्याही उपयोगीं पडेल, हें कोळ्याच्या ध्यानांत आल्यावांचून कसें राहील! तो ती लोखंडी सळईवर फिरती बसवूं लागला.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. वातदर्शक कोणताही असो, ज्या खिळ्यावर तो फिरतो त्याच्या मागच्या अंगास पृष्ठभाग अधिक असला पाहिजे. तरच वारा तें अंग मागें ढकलतो आणि टोंक वाऱ्याकडे वळतें. दोन्हीं अंगें सारखीं झालीं तर तो भांबावल्यासारखा कसाही उभा राहतो. वजनाचा तोल मात्र खिळ्यावर साधावा लागतो, नाहीं तर एक बाजू कलून सळईशीं घासते. त्यांतून लांकूड ओलें झालें कीं फुगतें, आणि भोंक तंग ठेवलेलें असलें तर वातदर्शक अडून बसतो. कुर्श कोळ्यानें मधोमध गांवाची रंगीत खूण ठेवली, तिच्याभोंवतीं लांकडी चौकट दिली व मागें कापडाची लांब पट्टी सोडली. मंद झुळकेलाही ती पट्टी हलते.

पुढें त्या चौकटीवर त्याचा चाकू चालूं लागला. खाडी गोठूं लागली व होड्या किनाऱ्यावर ओढल्या म्हणजे लांब रात्रीं घरांत कोरीव काम चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या चौकटींवर घरें, ख्रिस्तमंदिरें, दीपगृहें, होड्या, झाडें, माणसें, क्रूस व नांगर दिसूं लागले. सरकारची खूण तशीच राहिली; तिच्या भोंवतालची जागा मात्र कोळ्याची झाली. ज्याची त्यास पाळत ठेवली जात होती त्याच खुणेवर त्यानें आपलें घर व देऊळ कोरून डोलकाठीच्या शेंड्यावर चढविलें. हे लोक बहुतेक लूथरपंथी होते, आमच्या पंथाचे नव्हते. पण या गोष्टीचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. त्यांनीं हुकूम मोडला नाहीं आणि निमूटपणें नुसता पाळलाही नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं, १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, रशियन सैन्य जवळ आलें तेव्हां दांड्यावरील गांवें रिकामीं झालीं. जुन्या कोळी कुटुंबांपैकीं फारच थोडीं परत आलीं वा राहूं शकलीं, आणि राहिलेल्यांपैकींही बहुतेक पुढें जर्मनीस निघून गेलीं. गांवांत नवे लोक आले. कुर्श बोली बोलणारे विरळ झाले. ज्या होडीवर खूण लावावयाची ती सपाट बुडाची शिडाची होडीही मासेमारींतून नाहींशी झाली.

वातदर्शक मात्र उरले. कांहीं संग्रहालयांत गेले, कांहींच्या जुन्या चित्रांवरून नवे कोरले गेले. २००० सालीं युनेस्कोनें हा दांडा जागतिक वारशांत घेतला. आज लिथुआनियांतील नीडा गांवीं खाडीच्या कांठानें उंच खांबांवर हे रंगीत वातदर्शक उभे आहेत, आणि प्रवासी त्यांच्या लहान प्रती विकत घेऊन घरीं नेतात. वारा खाडीवरून आला म्हणजे ते सारे एकदम पाण्याकडे तोंड करतात.