राजीनाम्याआधीचे दुकान

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी रसायनी सोडून आपट्याला थांबते. या पट्ट्यात कित्येक वर्षे भरवशाची नोकरी म्हणजे रसायनीची ‘हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स’. सरकारी कंपनी, कायमचा पगार! २०१७ साली केंद्र सरकारने तिथले तोट्यातले कारखाने बंद करायचे ठरवले आणि ‘कायम’ या शब्दाचाच भरवसा गेला. अशा वेळी घरोघरी प्रश्न निघतो, आता स्वतःचे काही काढावे का?

इथे लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत. बढती डावलली गेली, म्हणून १८९७मध्ये त्यांनी नोकरी सोडली, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण बेळगावातला सायकलींचा व्यवहार त्याआधीच सुरू झाला होता. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ आपला जन्म १८८८चा मानते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत, थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. म्हणजे राजीनामा रागाने दिला असेल, पण हात रिकामे नव्हते.

तरीही कसोटी चुकली नाही. पुढे लोखंडी नांगर केला, तर पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१०मध्ये.

आज पनवेलच्या उंच इमारतींच्या काचा पुसून देण्याचा धंदा काढू पाहणाऱ्याने एवढेच करावे: पहिली चार गिऱ्हाइके सुट्टीच्या दिवशी, नोकरीत असतानाच जोडावीत. राजीनामा नंतर लिहावा.