नेवाशाचे श्रोते

आपल्या नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवाशाला पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला व सच्चिदानंदबाबांनी तो उतरून घेतला, अशी परंपरा आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. हा ग्रंथ श्रोत्यांसमोर जन्मला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी वक्ता श्रोत्यांपाशी अवधान मागतो. श्रोतेही मधूनमधून बोलतात आणि त्यांचे बोलणे ओवीत गोवले जाते.

पुढे तीन शतकांनी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच रीत ओळखली. साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. कान मात्र ओवीला सरावलेले होते. १६१६ साली रोमन लिपीत छापलेल्या ख्रिस्तपुराणात म्हणूनच पाद्री-गुरू सांगतात आणि श्रोता शंका विचारतो. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा निघेपर्यंत ग्रंथ तगला, तो ऐकणाऱ्या आणि नकलून ठेवणाऱ्या घरांमुळे.

नगरला १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनचा 'ज्ञानोदय' निघाला. पण वाचणारे थोडे असलेल्या गावांत छापील शब्द कितीसा पोहोचणार? कृष्णराव सांगळे आणि नंतर रेव्हरंड ना. वा. टिळक कीर्तनाकडे वळले ते यामुळेच, असे आम्हांस वाटते. (ही मंडळी प्रॉटेस्टंट, ऋण मात्र आपल्यावरही आहे.) श्रोत्यांनी पालुपद उचलले नाही, तर कीर्तनकाराला ते त्याच क्षणी कळते.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली आणि मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली. घरातील वृद्धांना तिचा केवढा आधार झाला, हे आपण जाणतो. तिची थट्टा आम्ही करणार नाही. पण प्रवचनाखाली एक आकडा दिसू लागला: इतक्यांनी पाहिले. क्षणभर थांबून बोट पुढे सरकवणाराही त्यात धरला जातो. कोण कंटाळले, कोणाचे डोळे भरले, कोणाला शब्दच कळला नाही, हे प्रवचनकारास दिसत नाही. दिसतो तो आकडा. मग आकडा वाढेल असे बोलण्याचा मोह चांगल्या चांगल्यांना होतो.

अशा वेळी कोणी संध्याकाळी फादरांना फोन करून "सकाळचे ते वाक्य समजले नाही, पुन्हा सांगाल का?" असे विचारतो, तेव्हा स्टीफन्स यांच्या पुराणातील तो शंका काढणारा श्रोता भेटल्यासारखे वाटते.