ट्यूलिपचा कंद, जून महिना आणि १६३७ चा बाजार

१/
‘ट्यूलिपचे वेड’ म्हटले की एका कंदापायी घरदार गमावणाऱ्या डच लोकांच्या कथा सांगितल्या जातात. परंतु १६३७ चा हा प्रसंग समजून घ्यायचा, तर आधी बागेतील कामांचे वेळापत्रक पाहावे लागते.

२/
ट्यूलिप युरोपात आला तो ऑटोमन साम्राज्यातून. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लूसियस १५९३ मध्ये लायडनला आले. तेथील विद्यापीठाच्या उद्यानात त्यांनी लावलेले ट्यूलिप पुढच्या वसंतात फुलले.

३/
हॉलंडमध्ये हे फूल एप्रिल-मेमध्ये उमलते. ते सुकले की बोंड खुडावे, नाहीतर कंदाची शक्ती बी धरण्यात खर्च होते. पाने मात्र पिवळी पडेपर्यंत राखावीत. पुढील वर्षाचा कंद त्यांच्याच बळावर पोसला जातो. जूनच्या सुमारास कंद उकरून वाळवायचे आणि शरद ऋतूत पुन्हा लावायचे.

४/
म्हणजे कंद प्रत्यक्ष हाती देता येई तो केवळ जूनपासून लावणीपर्यंत. उरलेले महिने माल मातीखाली! म्हणून हिवाळ्यात मद्यगृहांत बसून ‘कंद निघाल्यावर देऊ, तेव्हाच पैसे घेऊ’ असे करार होऊ लागले. डच लोकांनी याला नाव दिले ‘वाऱ्याचा व्यापार’.

५/
सर्वाधिक मोल होते रंगांच्या ज्वाला उमटलेल्या फुलांना. ‘सेम्पर ऑगस्टस’ हा पांढऱ्यावर लाल रेषांचा प्रकार त्यांत अग्रगण्य. या रेषा म्हणजे माव्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूचा परिणाम, हे विसाव्या शतकात उमगले. रोगट कंद दुबळा होतो, त्याला उपकंदही कमी फुटतात. जे सौंदर्य, तेच दुर्मिळतेचे कारण.

६/
५ फेब्रुवारी १६३७ रोजी आल्कमार येथे अनाथ मुलांच्या लाभासाठी झालेल्या लिलावात सुमारे ९०,००० गिल्डर जमले. त्याच दिवसांत हार्लेममध्ये ग्राहक मागे सरले आणि भाव कोसळले. करारांतील कंद तेव्हा अजून जमिनीतच होते.

७/
बाजार थांबला तरी ऋतू थांबत नाही. त्या वसंतातही बोंडे खुडणे, पाने राखणे, कंद काढणे हे सारे बागवानांना करावेच लागणार होते. फरक एवढाच की ठरल्या भावाने माल उचलण्यास अनेक ग्राहक आता राजी नव्हते.

८/
तंटे वर्षभर रेंगाळले. अखेर मे १६३८ मध्ये हार्लेमच्या नगरसभेने ठरवले की ग्राहकाने किमतीच्या साडेतीन टक्के द्यावेत व करारातून मोकळे व्हावे. १,००० गिल्डरच्या करारापोटी विक्रेत्याला मिळणार अवघे ३५ गिल्डर, आणि परत आलेला कंद.

९/
या पडझडीने सारा देश बुडाला, ही लोकप्रिय समजूत आधुनिक संशोधनात टिकत नाही. ठेच लागली ती मर्यादित वर्तुळाला. त्यात ज्यांनी वर्षभर कंद जोपासले होते, त्यांच्या श्रमाचा हिशेब मात्र त्या साडेतीन टक्क्यांत मिटवला गेला.