ओरखडलेलें छायाचित्र

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, सनदा व सरकारी दफ्तरें हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. सामान्य माणसाचा त्यांत मागमूसही लागत नाहीं. त्याची खूण राहते ती पेठेंतल्या फोटोवाल्याच्या कपाटांत. असलें एक कपाट उघडून त्यांतून इतिहास वाचण्याचें काम लेबनॉनमधील कलावंत अक्रम झातारी यांनीं केलें आहे.

झातारी यांचा जन्म १९६६ सालीं सैदा या भूमध्यसमुद्राकांठच्या प्राचीन शहरीं झाला. त्यांचें बालपण व तारुण्य १९७५ ते १९९० पर्यंत चाललेल्या यादवी युद्धांत गेलें. १९९७ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह बैरुत येथें अरब जगांतील जुनीं छायाचित्रें जमविणारी एक संस्था स्थापन केली. या खटपटींत सैद्याचे फोटोग्राफर हाशिम अल् मदनी यांचा संग्रह त्यांना गवसला. मदनी यांच्या १९५३ सालीं थाटलेल्या ‘शहरझाद’ स्टुडिओंत सारें शहर कॅमेऱ्यापुढें बसून गेलें होतें. या स्टुडिओवर झातारी यांनीं २०१५ सालीं एक चित्रपटही काढला.

त्या संग्रहांत १९५७ सालचीं एका स्त्रीचीं छायाचित्रें आहेत. तिच्या चेहऱ्यावर व अंगावर आडवेतिडवे ओरखडे आहेत. मदनी यांनीं सांगितलेली त्यांची हकीकत अशी: ती स्त्री नवऱ्यास न विचारतां फोटो काढवून गेली. नवऱ्यास तें कळतांच त्यानें येऊन निगेटिव्ह मागितल्या. त्या एकाच फितीवर असल्यामुळें मदनी यांनीं त्या दिल्या नाहींत. मात्र त्याच्यादेखत टांचणीनें ओरखडून टाकल्या. पुढें कांहीं वर्षांनीं जाच असह्य होऊन त्या स्त्रीनें जाळून घेतलें. त्यानंतर तोच नवरा परत आला आणि तिच्या त्याच फोटोंच्या मोठ्या प्रती मागूं लागला.

झातारी यांनीं हीं चित्रें दुरुस्त केलीं नाहींत. ओरखड्यांसकटच छापलीं व प्रदर्शनांत मांडलीं. यांतच त्यांची इतिहासदृष्टि दिसते. मूळ चित्र त्या स्त्रीची हौस सांगतें, तर ओरखडे नवऱ्याची सत्ता व फोटोवाल्याची अगतिकता सांगतात. ओरखडे पुसले असते तर एक सुंदर मुखवटा मिळाला असता. पण त्या घरांत काय घडलें याचा एकुलता एक लेखी पुरावा कायमचा नाहींसा झाला असता.